कोयता गेल्यावर उपदेश कोणाला करायचा? (बीडकडच्या एका पाळकाचे विचार)

पाळक_बीडकर

सगळ्यांना सलाम.

उपदेश कसा करावा यावर इथे अधूनमधून धागे येतात. तीन मुद्दे असावेत, सुरुवातीला एखादी गोष्ट असावी, वीस मिनिटांच्या वर जाऊ नये, शेवटी आवाहन करावं. सेमिनरीत आम्हालाही हेच शिकवलं आणि त्यात वावगं काही नाही. पण समोर मंडळीच नसेल तर काय, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

मी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची बहुतेक घरं कोयत्यावर जाणारी. (शहरातल्या वाचकांसाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे हंगामाआधी त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फड म्हणजे तोडणीचं उसाचं शेत आणि कोपी म्हणजे तिथली राहायची झोपडी.) दसरा-दिवाळी झाली की टोळ्या हलतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, काही थेट बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत, म्हणजे मार्च नाहीतर एप्रिल.

आता ख्रिस्ती वर्ष बघा. आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, नवं वर्ष, उपवासकाळ, शुभ शुक्रवार. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही येतो. म्हणजे येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान, तिन्ही सण ऊस तुटत असतानाच होतात. देवळात उरतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं, दोन-चार नोकरदार आणि मुकादमाच्या घरचे. लोक परत येतात तेव्हा आकाशकंदील कधीच उतरलेला असतो.

म्हणून मी हंगामात कोप्यांवर जातो. तिथे रविवार नसतो. शेवटची गाडी भरून गेली की चुली पेटतात, त्यातून जी घटका मिळेल ती माझी. बायकांना पहाटे तीन-चारला पुन्हा उठायचं असतं. एक गाणं, एक वचन, सात-आठ मिनिटं बोलणं, प्रार्थना. मध्येच ट्रॅक्टर आला की गडी उठून मोळ्या भरायला जातात. त्याचा राग धरणारा पाळक तिथे टिकायचा नाही.

रूथचं पुस्तक मी गावात सासू-सुनेच्या प्रेमावर सांगतो, लग्नातही सांगतो. कोप्यावर ते वाचलं तर पहिल्या वाक्यालाच माना हलल्या. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मवाबात गेलं. यापुढे समजावायचं काय? पण बायकांनी जे वचन धरलं ते दुसऱ्या अध्यायातलं. बवाज रूथला म्हणतो, दुसऱ्याच्या शेतात जाऊ नको, माझ्या बायांबरोबर राहा, तुला हात लावायचा नाही असं मी गड्यांना बजावलंय, आणि तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी पी. एक बाई मध्येच म्हणाली, "पाळकसाहेब, हे शास्त्रात हाय? पाण्याचं बी?" फडात गड्यांनी भरलेलं पाणी कोण्या बाईला कधी मिळालंय? आणि हात लागण्याच्या भीतीबद्दल मी पुरुषाने काय बोलावं. त्या रात्री मी पुढे काही बोललोच नाही, त्याच बोलत होत्या.

दहा आज्ञांमधल्या चौथ्या आज्ञेचंही तसंच. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याचा दिवस दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांना दिला आहे आणि कारण सांगितलंय की मिसरात तूही दास होतास. ऊस तोडणाऱ्या जोडप्याला ही आज्ञा ऐकवून काय उपयोग? त्याने एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. विसावा देणं ज्याच्या हातात आहे, त्याला ती ऐकवली पाहिजे. बैलसुद्धा आलाय त्या आज्ञेत. टायरगाडीला जुंपलेले बैल ज्याने पाहिलेत त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

तर गेल्या पावसाळ्यात, लोक गावात असताना, मी नहेम्याचा पाचवा अध्याय घेतला. दुष्काळात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली, लेकरं दास्यात गेलेली, आणि सावकार परके नव्हेत, आपलेच भाऊबंद. नहेम्या सरदारांना भर सभेत उभं करतो आणि शेतं परत द्या, व्याज सोडा म्हणतो. स्वतः बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेत नाही. पहिल्या बाकावर आमचे मुकादम बसले होते. मंडळीचे वडील आहेत, देवळाच्या पत्र्यालाही त्यांचा हात लागलेला आहे.

संध्याकाळी ते घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "नहेम्या बरोबर हाय, साहेब. पण उचल घेऊन रातोरात पळतो त्याच्यावर कवा बोलणार? कारखाना माझ्याकडून वसूल करतो. माझी बी जमीन गहाण हाय."

खोटं नव्हतं ते. पुढच्या रविवारी मी ३७ वं स्तोत्र घेतलं. तिथे उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुष्ट म्हटलंय. झालं, आता दोन्ही बाजू माझ्यावर नाराज आहेत.

विचारायचंय ते हे. उचली वाटायच्या वेळी पाळकाने मध्ये पडावं का? किती दिले, किती फिटले, किती राहिले, याची वही सगळ्यांसमोर उघडावी असं माझ्या मनात आहे. कमिटी म्हणते हे देवळाचं काम नाही.

---

जुना_वडील

पाळकसाहेब, तुमची तळमळ कळते. पण पुलपिटावरून सुवार्ताच सांगावी. उचल, मुकादम, कारखाना हे सगळं संघटनांचं काम. आज उचलीवर बोललात, उद्या निवडणुकीत कोणाला मत द्यायचं तेही सांगाल. पाळक एका बाजूला झुकला की मंडळी फुटते. आमच्याकडे फुटलेली आहे, म्हणून लिहितोय.

---

सुलभाताई_जालना

जालन्याची मी, निवृत्त शिक्षिका. जुना_वडील यांना थोडा इतिहास सांगते.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. त्याच साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण गाजलं. कोर्टाने मुलगा घरच्यांच्या ताब्यात दिला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन त्याला परत जातीत घेतलं. एवढी ओढाताण पाहिलेला माणूस पुढे निजामाच्या मुलखात, आमच्या जालन्याला आला. नुसता उपदेश करून त्याला थांबता आलं असतं. पण ज्यांनी विश्वास धरला ते गावकुसाबाहेरचे, त्यांना ना जमीन ना विहीर. म्हणून निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवलं. घरं, शेती, शाळा, देऊळ. ते करताना सुवार्ता बाजूला ठेवली असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणत नाही.

आता तुम्हाला एक विचारते, पाळकसाहेब. तुम्ही नाताळात फडावर, मग इकडे म्हाताऱ्यांपुढे कोण उभं राहतं? नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांना कोणी विचारत नाही. ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेल्या बाया आहेत त्या. त्यांनाही काही सांगायचं असतं.

---

पाळक_बीडकर

सुलभाताई, नाताळची भक्ती पाळकबाई चालवतात, उपदेशही त्याच करतात. माझ्यापेक्षा बरा करतात असं आज्यांचं मत आहे आणि त्या ते माझ्यासमोरच सांगतात.

जुना_वडील, लूकचा तिसरा अध्याय बघा. बाप्तिस्मा घ्यायला आलेले जकातदार योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, ठरवून दिलं आहे त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, धाक दाखवून पैसे काढू नका, पगारात भागवा. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं उत्तर आहे. मुकादमाने मला तेच विचारलं तर मी त्याला नुसती प्रार्थना कर म्हणून कसं सांगू?

मंडळी फुटण्याची भीती मात्र मला आहे. ते तुम्ही उगाच लिहिलेलं नाही.

---

टाळकरी

राम कृष्ण हरी. मी माळकरी, अंबाजोगाईकडचा. धागा आवडला म्हणून मध्ये तोंड घालतो.

आमच्याकडे उभा महाराष्ट्र ओळखतो असे कीर्तनकार आहेत. पण फडाच्या माणसाला सात मिनिटांत धरून ठेवणं मोठमोठ्यांना जमायचं नाही. एक सुचवतो. कीर्तनकार एकटा नसतो, मागे टाळकरी असतात. बोलणारा दमला, अडखळला की ते चाल उचलतात आणि तेवढ्यात श्रोताही परत जागेवर येतो. तुमच्या कोपीवर दोन टाळ आणि एक ढोलकी असेल तर सात मिनिटांचा अर्धा तास होईल आणि कोणाला जड जाणार नाही.

दुसरं. आमच्यात गावोगाव सप्ताह बसतो तो लोक गावात असताना. तिथीपेक्षा माणसं बघतात. तुम्हाला तारीख हलवता येत नाही का?

---

पाळक_बीडकर

माऊली, टाळ आमच्यात परका नाही. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं ते एकोणिसाव्या शतकात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर अजून घरोघरी म्हणतात. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी त्यांच्या ओव्या-अभंगांची चाल काही सुटली नाही. मधल्या काळात की-बोर्ड आला आणि टाळ कपाटात गेले. आमच्या तरुण संघाला की-बोर्डच हवा असतो, आणि कोपीवर वीज नसते.

तारखेचं म्हणाल तर नाताळ हलत नाही. पण मे महिन्यात तीन रात्रींची सभा घेतो, त्यात पहिल्या रात्री जन्म, दुसऱ्या रात्री क्रूस, तिसऱ्या रात्री पुनरुत्थान. करंज्याही तेव्हाच होतात. डिसेंबरात तळायला घरी असतं कोण?

---

नवा_विश्वासी

मी संभाजीनगरला शिकतो, घर गेवराई तालुक्यात. दोन प्रश्न.

एक, आमच्या घरचे आता यूट्यूबवर उपदेश ऐकतात. फडावरही मोबाईल असतो. त्यात आशीर्वाद, बरकत, बंद दारं उघडतील, असंच असतं. आईला ते आवडतं, बरं वाटतं म्हणते. मी तिला काय सांगू?

दोन, एका पाहुण्या उपदेशकाने सांगितलं की उचल मिळाली की तिचा दशांश आधी द्या, म्हणजे हंगाम चांगला जाईल. वडिलांनी दिला. बरोबर आहे का ते?

---

पाळक_बीडकर

दुसऱ्याचं आधी. नाही. उचल ही कमाई नाही, कर्ज आहे. कर्जावर दशांश नसतो. तुझ्या वडिलांनी अजून न तोडलेल्या उसाचे, उसने घेतलेले पैसे देवाला दिले, आणि ते फिटेपर्यंत दोघं नवरा-बायको फडात राबणार. ज्याने ते घेतले त्याला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला सांग. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे, असं तिथे लिहिलंय. आमच्या मंडळीत हिशोब होऊन हातात काही उरलं तर त्यातून द्यायचं, नाही उरलं तर नाही. अर्पणाची थैली रिकामी पुढे सरकवताना मान खाली घालायची गरज नाही, हे मी दर वर्षी सांगतो. कमिटीच्या खजिनदारांना ते फारसं रुचत नाही.

आईला काही सांगू नको. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईला कोणीतरी गोड बोललं तर तिने ऐकू नये असं मी म्हणणार नाही. मात्र एकदा तिच्याबरोबर बसून तू स्वतः ४२ वं नाहीतर ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाच. देवापुढे रडगाणं गायलाही परवानगी आहे हे यूट्यूबवर कोणी सांगत नाही. बरकत आली नाही म्हणजे आपला विश्वास कमी पडला, हे ओझं मात्र तिच्या डोक्यावर चढू देऊ नको. डोक्यावर मोळ्या पुष्कळ आहेत.

---

कोयत्याची_लेक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी नर्स आहे, पुण्यात. माझे मायबाप पंधरा-वीस हंगाम कोयत्यावर गेले. चौथीपर्यंत मी फडावरच होते, नंतर आजीपाशी. पाळकसाहेब, तुम्ही जाता हे चांगलंच करायलात. आमच्या वेळी कोणी आलेलं मला आठवत नाही. पण जरा स्पष्ट बोलते.

रूथ वाचून बायका बोलल्या म्हणता. बोलतात हो. सकाळी पुन्हा तेच असतं. माझ्या मावशीची गर्भपिशवी तिशीच्या आत काढली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, म्हणून. २०१९ ला याच्यावर सरकारने समिती नेमली, पेपरात आलं, सगळे हळहळले. आमच्या देवळात त्या वर्षी एकाही रविवारी तो विषय निघाला नाही. आजारी माणसांसाठी प्रार्थना झाली, पण आजाराचं नाव कोणी घेतलं नाही.

आणि लग्नं. अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता व्हावा म्हणून पोरीचं लग्न उरकतात. उचल दुप्पट मिळते. दिवाळीच्या आधी दहावीतली पोर एकदम साडीत दिसली की काय झालं ते सगळ्यांना कळतं. ही लग्नं कोण लावतं? पाळकच लावतात ना? तुम्ही पुलपिटावर काय बोलता यापेक्षा, वयाचा दाखला बघितल्याशिवाय आशीर्वाद द्यायला हात वर करता का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

सुलभाताई_जालना

+१. शाळा सोडल्याचा दाखला, आधार नव्हे. आधारवर जन्मतारीख अंदाजे टाकलेली पुष्कळ पाहिली आहे मी.

---

पाळक_बीडकर

ताई, शाळेचा दाखला बघितल्याशिवाय मी लग्नाची सूचना देवळात वाचत नाही. त्याचा परिणामही सांगतो. दोन घरांनी पोरींना दुसऱ्या गावी नेऊन लग्नं उरकली, तिथल्या उपदेशकाने काही विचारलं नाही. त्यातलं एक घर अजून देवळात येत नाही. आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांनी एकत्र बसून ठरवलं तरच हे थांबेल. आम्ही एकत्र बसतो ते जागतिक प्रार्थनादिनाला, तेव्हा कोणाचं गाणं आधी यावरून वाद होतो.

पिशवीच्या ऑपरेशनबद्दल पाळकबाई महिला संघात बोलतात. पुलपिटावरून मी बोललेलो नाही. बायकांनाच विचारतो, मी बोलावं की पाळकबाईंनी पुलपिटावर उभं राहून बोलावं.

---

कोयत्याची_लेक

पाळकबाईंनी. आणि पुरुष समोर बसलेले असताना.

---

अ‍ॅडव्होकेट_धाराशिव

दोन-तीन व्यवहारी गोष्टी.

वही उघडण्याचा विचार चांगला आहे, पण देवळात नको आणि न्यायनिवाडा तर अजिबात नको. पाळक न्यायाधीश झाला की दोन्ही बाजू खोटं बोलायला लागतात. साक्षीदार व्हा. उचल देताना दोन प्रतींत पावती, त्यावर रक्कम, तारीख, टनामागे दर, मुकादमाचं कमिशन, खाड्याला किती कापणार. एक प्रत टोळीवाल्याकडे. एवढ्यानेही पट्टा पडताना होणारी निम्मी भांडणं मिटतात, असा माझ्या पक्षकारांचा अनुभव आहे.

फडावर जाता तेव्हा आपल्याच मंडळीच्या लोकांकडे जा, शेतमालकाला आणि मुकादमाला आधी कळवा. हल्ली कोपीवर कोणी पुस्तक उघडलं की व्हिडिओ निघतो आणि धर्मांतराची ओरड होते. धीर सोडू नका, पण सावध असा.

जुना_वडील यांना एक. आपली ही माणसं बहुतेक मांग-महार समाजातून आलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर. गावात जात सुटत नाही, कागदावर जात मिळत नाही. अशा माणसाला मुकादमाशिवाय उसने देणारं दुसरं दार नसतं. म्हणून उचल हा मंडळीचाच विषय आहे.

---

जुना_वडील

वकीलसाहेब, हे मी नाकारत नाही. पावती करा, साक्षीला बसा, माझी हरकत नाही. मी स्वतः येऊन बसेन. पण पुलपिट वेगळं ठेवा, एवढंच माझं मत, ते बदललेलं नाही.

---

टाळकरी

मुकादमाचं काय म्हणणं आहे या पावतीवर? त्याच्याशिवाय सगळं हवेत.

---

पाळक_बीडकर

काल त्यांच्याकडेच गेलो होतो. तयार आहेत, दोन अटींवर. देवळात नाही, त्यांच्या ओसरीवर बसायचं. आणि जो उचल घेऊन मागच्या वर्षी पळाला त्याचंही नाव वहीत लिहायचं, तो मंडळीचा असला तरी. दुसरी अट ऐकून आमच्या कमिटीतले दोघं गप्प झाले, कारण नावं त्यांच्या घरातली आहेत. मी दोन्ही अटी मान्य केल्या. साक्षीला मी, जुना_वडील खरंच आले तर ते, आणि महिला संघाच्या दोघी.

वकीलसाहेब, साध्या मराठीत पावतीचा मसुदा असेल तर पाठवा. उचली भाद्रपदानंतर वाटायला लागतील.

---

अ‍ॅडव्होकेट_धाराशिव

निरोपात पाठवतो. आधी एक सांगा. कोयता दोघांचा, पण पावतीवर बायकोचा अंगठा वेगळा घेणार आहात ना? बहुतेक ठिकाणी उचल नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असते. तो पैसा कुठे गेला हे तिला माहीत नसतं आणि फेडायला मात्र ती असते. नवरा मेला तरी ती फेडतच असते.

---

पाळक_बीडकर

मुकादमाच्या वहीत आजवर एकाही बाईचं नाव नाही. या वेळी दोघांचेही अंगठे घेऊ. तुमच्या मसुद्यात दोन रकाने ठेवा.

---

कोयत्याची_लेक

अंगठा नको. सही. माझ्या आईला सही येते.